फोटोच्या डाव्या बाजूला

पोरांनी बाज उचलली तशी मी ओरडले, "जाळू नका! आमच्यात पुरतात!"

बाजेवर माझी उमा होती. खाली फाटकी गोधडी, वर कुणाचं तरी धोतर. पाऊस भुरभुरत होता. पुढे सरण रचलेलं, त्यावर आधीच माणसं ठेवलेली. कोण कुणाचं ते विचारायची सोय राहिली नव्हती. लाकडं आमच्याच पडलेल्या माळवदांची. ज्या तुळईखाली मी नवरी म्हणून उभी राहिले होते ती तुळई मी त्या सरणात ओळखली. पोरं बाहेरगावची, तोंडाला रुमाल बांधलेली. चांगली पोरं होती. दगड उपसून त्यांची बोटं सोलून निघाली होती. त्यांना मी तेव्हाही वाईट म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण मी काय म्हणतेय ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. अशा वेळी बाई ओरडली की ती रडतेय असंच लोक धरून चालतात.

आमच्यात मेलेल्या माणसाला बसवतात. आंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर देऊन, मांडी घालून खड्ड्यात बसवतात. वरून बेलाची पानं, मग माती. शेजारी जंगम उभा राहून मंत्र म्हणतो. आगीशी आमचा संबंध चुलीपुरता. उमाचा बाप गेला होता, आजा गेला होता, त्यांना कुठल्या सरणावर ठेवलं ते मला कळलंसुद्धा नव्हतं. उमा शेवटी सापडली. तिला तरी मातीत बसवावं, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी माझ्या हातात उरली आहे असं मला वाटत होतं.

मी हात पुढे केला. मी सरणात उडी घेईन या भीतीनं सासूनं मागून मला कंबरेला धरलं. तेवढ्यात समोर एक माणूस दिसला. डोक्यावर पोत्याची खोळ, पायात रबरी चपला, कॅमेऱ्यावर पावाची प्लास्टिकची पिशवी चढवलेली आणि पुढून भोक पाडून काच तेवढी बाहेर काढलेली. सगळ्यांत जवळ तोच होता. त्यानं ऐकलं. त्यानं ऐकलं हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

बाज पुढे गेली.

*

भादवा आला की मला कुणी आठवण द्यावी लागत नाही. उडीद निघतो. आमच्या नव्या गावात खळी राहिली नाहीत, लोक डांबरी सडकेवरच उडीद पसरतात, येणारी-जाणारी वाहनं त्यावरून जातात आणि मळणी होते. शेंगा तडकल्याचा आवाज येतो. ओल्या पोत्यांचा वास घरात भरतो. मधूनच एक सर येते, बाया पदर खोचून ताडपत्री घेऊन धावतात, आणि सर गेली की ऊन असं पडतं की पाठ भाजून निघते. सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं असतं. संध्याकाळी गणपतीपुढे पोरं मोठाले स्पीकर लावतात. त्यांच्या दणक्यानं माझ्या न्हाणीवरचा पत्रा थरथरतो. पत्रा थरथरला की माझ्या हातातलं काम थांबतं. थोड्या वेळानं मी ते पुन्हा सुरू करते.

भूकंपात आम्ही दोघी वाचलो ते याच उडदामुळे. गोठ्यात उडदाची रास होती, आभाळ भरलेलं, म्हणून सासू आणि मी राशीजवळ पत्र्याखाली झोपलो. उमा रोज माझ्याजवळ झोपायची. त्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून दमली आणि बापाच्या कुशीत घरातच झोपून गेली. आमचं घर दगडाचं होतं, भिंती हातभर जाड, वर मातीचं माळवद. गावात त्या घराला मान होता. दगडामातीच्या घरांतले गेले आणि पत्र्याखालचे राहिले. यात कुणाचं पुण्य नाही आणि पाप नाही. लोक शोधत बसतात. मी शोधलं नाही.

मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. उमाचं तोंड मला आठवेना.

हे एकदम झालं नाही. पहिली काही वर्षं ती डोळ्यांपुढून हलत नव्हती. मग एका भादव्यात उडीद पाखडत बसले होते आणि सहज तिचं तोंड आठवायला गेले, तर आलं नाही. मान आली. मानेवरचा घामोळ्यांचा पट्टा आला. टाचा आल्या, चिखलात काळ्या झालेल्या. कान आले. तोंड नाही. खूप विचार केला तेव्हा लक्षात आलं की मी पोरीला बहुतेक पाठमोरीच पाहिली होती. रोज सकाळी ती पुढे बसायची आणि मी मागून वेण्या घालायचे. "अव्वा, दुखतंय," असं ती पुढे बघून म्हणायची. शाळेत जाताना पाठमोरी. माझ्या पुढे पुढे विहिरीवर जाताना पाठमोरी. आईला पोरीकडे समोरून बघायला वेळ कुठे असतो? बघायला आयुष्य पडलंय असं वाटतं.

फोटो एकही नव्हता. भूकंपात गेला असं नाही, कधी निघालाच नव्हता. आमच्या सासूबाईंचं, भागीरथीबाईंचं, पक्कं मत होतं की फोटो काढला की उमर घटते. त्या एकट्याच असं म्हणायच्या असं नाही, त्या वेळी आमच्याकडे पुष्कळ म्हाताऱ्या म्हणायच्या. माझ्या लग्नाचाही फोटो नाही. एकदा लातूरच्या जत्रेत फोटोचं दुकान लागलं होतं. मागे पडद्यावर निळं आभाळ रंगवलेलं आणि पुढे पुठ्ठ्याचा मोठा चंद्र. पोरं त्या चंद्रावर बसून फोटो काढत होती. उमानं हट्ट धरला. तिच्या बापानं तिला उचललंसुद्धा.

सासूबाई म्हणाल्या, "खाली ठिव तिला."

"काय व्हतंय आई? समदी पोरं बसल्यात."

"समद्यांच्या आज्या मेल्यात का? मी जित्ती हाय. खाली ठिव."

त्यानं खाली ठेवली. उमानं लातुरापासून घरापर्यंत भोंगा लावला. एसटीतल्या एका बाईनं तिला चुरमुरे दिले तरी गप्प बसली नाही. मला ते रडणं ऐकू येतं. रडणारं तोंड दिसत नाही.

*

सरणाजवळचा तो फोटोवाला पुन्हा भेटला तो थंडीत. आम्ही तेव्हा सरकारच्या पत्र्याच्या शेडात राहत होतो. हातात पेपर घेऊन तो दारात उभा राहिला. नाव सुभाष. मूळचा हदगावचा, नांदेडच्या एका पेपरात कामाला. मला अक्का म्हणाला. वयानं आम्ही सारखेच असू, पण भादव्यात माझं वय वाढलं होतं.

त्यानं पेपर उलगडला. मधोमध मी. तोंड उघडं, हात पुढे. मागे सासू. माझ्या तोंडातलं वाक्य कुठेच नव्हतं. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, मी चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळे मला वाचता आलं: मायलेकींचा आकांत.

सासूबाईंना मी वाचून दाखवलं. त्यांनी पेपर हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"मायलेकी कोण?"

"तुमी आन् मी."

"मी हिची आई? ए फोटोवाल्या, हिची आई काळी ठिक्कर व्हती. मी तशी हाय का?"

सुभाष म्हणाला, "चुकलं मावशी. घाईत लिहिलं."

"आन् इचारलं का न्हाईस फोटो काढायच्या आधी? आता आमची उमर घटली."

मला हसू आलं. भूकंपानंतर पहिल्यांदाच आलं असेल. सुभाषला कळेना हसावं की नाही. तो चांगला माणूस आहे हे मला तेव्हाच कळलं. पाय लांब करून बसला नाही, चुलीजवळ उकिडवा बसला आणि दिलेला काळा चहा प्याला. म्हणाला की या फोटोमुळे त्याला मुंबईच्या पेपरात बोलावलंय. हे सांगताना त्याची मान खाली होती.

मी पेपरातल्या फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे एका पोराचं कोपर दिसत होतं आणि बाजेचा एक पाय.

"हितं माझी पोरगी व्हती."

"हो अक्का. पेपरात जागा कमी असते. बाजूचं कापावं लागतं."

"कापलेलं कुठं हाय?"

"रिळावर आहे. रीळ ऑफिसात आहे."

"तेवढं दे मला."

"बघतो अक्का," तो म्हणाला.

*

पुढे तो मोठा झाला. कुठे कुठे गेला, पूर, दंगली, दुष्काळ. त्याचे फोटो परदेशात लागले म्हणे. वर्षा-दोन वर्षांनी चक्कर टाकायचा, बहुतेक भादव्यातच. मधल्या काळात आम्ही शेडातून नव्या गावात आलो. सिमेंटच्या खोल्या, रेघ मारून मांडलेल्या. जुन्या गावात वेडी बाभळ माजली. सासूबाई नव्या घरात वर्षभर आत झोपायला तयार नव्हत्या, आणि मीही नव्हते.

एकदा तो आला तर त्याच्या पाठीवर पेपरवाल्यांची पिशवी नव्हती. म्हणाला, "फोटो सोडले मी. आता फिल्म करतो."

"का रे बाबा? बरं चाललं व्हतं की."

सासूबाई उडदातले खडे निवडत होत्या, तो पण त्यांच्या सुपातले खडे निवडायला लागला. मग म्हणाला, "फोटोत आवाज येत नाही अक्का. लोक तुमचा फोटो बघतात आणि म्हणतात, काय रडतेय बिचारी. तुम्ही रडत नव्हता. तुम्ही सांगून राहिल्या होत्या, जाळू नका, आमच्यात पुरतात. मी ऐकलं ते. एकट्यानं ऐकलं. मी त्या पोरांना जोरात बोललो असतो, की थांबा रे, ही काय म्हणते ते ऐका, तर थांबले असते. पेपरवाल्याचं ऐकायचे लोक तेव्हा. मी बोललो नाही. फोटो काढला."

नांदेडकडची माणसं अशीच बोलतात, करून राहिलो, सांगून राहिलो. त्याचं ते बोलणं मुंबईला जाऊनही गेलं नव्हतं.

तो माझ्याकडे बघत होता. 'न्हाई रे बाबा, तू बोलला असता तरी कुणी ऐकलं नसतं, पाऊस होता, खड्डा कोण खणत बसणार होतं,' एवढं मी म्हणायला पाहिजे होतं. दुसरी कुणी म्हणाली असती. मी म्हटलं नाही. कारण मला खरंच वाटतं की पोरं थांबली असती.

सासूबाईच म्हणाल्या, "खडं निवडतूस का उडीद निवडतूस? समदा उडीद भुईला टाकलास."

फिल्मसाठी तो माणसं घेऊन आला. दोन पोरं, एक जीन्स घातलेली पोरगी, लांब दांड्यावर केसाळ बोंड्यासारखा माईक. मला म्हणाले, जुनं लुगडं नेसा. मी म्हणाले, जुनं सगळं गाडलं गेलं, हेच हाय. मग म्हणाले, शेतातून चालत या. आले. परत चालत या म्हणाले. परत आले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी विचारलं, "शेतात मला काय काम हाय ते आधी सांगा. रिकामी चालली तर लोक येडी म्हणत्याल." ती पोरगी हसली आणि माझ्या हातात विळा दिला. विळा घेऊन चालले.

मग मला ओट्यावर बसवून बोलायला लावलं. मी सगळं सांगितलं. बसवण्याची रीत सांगितली, बेल, भस्म, जंगम, सगळं. उमाला कसं नेलं ते सांगितलं. मी काय ओरडले ते सांगितलं. आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "सुभाष, ती रीळ दे." ती पोरगी डोळे पुसत होती. सुभाष म्हणाला, "कट."

नांदेडला एका हॉलमध्ये फिल्म दाखवली. आम्हा दोघींना जीपनं नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर मी भिंतीएवढी. विळा घेऊन चाललेय. मग मी बोलायला लागले, तर आवाज माझा नव्हता. कुणीतरी गोड गळ्याची बाई, पुस्तकात लिहितात तसं मराठी बोलत होती. आणि जिथे मी काय ओरडले ते सांगते तिथे बासरी सुरू झाली. लोकांना ती बासरी फार आवडली. दिवे लागले तेव्हा निम्मा हॉल रडत होता. एका बाईनं माझा हात धरून ठेवला. सासूबाईंनी तिला विचारलं, "तुमी कोणत्या गावच्या? तुमचं कोण गेलं?" तिचं कुणी गेलं नव्हतं.

बाहेर सुभाष भिंतीला टेकून उभा होता. "आवाज त्यांनी बदलला अक्का. पैसे लावणारे म्हणाले, खेड्यातलं बोलणं बाहेरच्यांना कळत नाही. बासरी पण त्यांचीच."

मी म्हणाले, "बासरी बरी व्हती. रिळाचं काय झालं?"

त्यानं ऐकलं नाही. त्याच्या डोळ्यांत तेव्हा दुसरंच काही चाललं होतं. आता मला कळतं ते. माझं पहिलं वाक्य त्यानं एवढं मनावर घेतलं होतं की दुसरं वाक्य त्याच्या कानात शिरायला जागाच राहिली नव्हती.

*

सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. दर भादव्यात म्हणायच्या, "त्या फोटोनं मला खाल्लं," आणि दुधात भाकरी कुस्करून पोटभर जेवायच्या. दात गेले, ऐकू येईना, तरी फोटो उमर खातो हे मत गेलं नाही. शेवटी शेवटी त्यांना मीच त्यांची आई वाटायचे. पेपरात छापलेलं निम्मं खरं झालं, फक्त उलटं झालं. त्या गेल्या तेव्हा आम्ही त्यांना रीतसर बसवलं. जंगम आला, बेल वाहिला. मी माती टाकली. बाजेवरच्या पोरीला जे मिळालं नाही ते सगळं त्या म्हातारीला मिळालं. मला बरं वाटलं आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी आलं.

एकदा मी त्यांना विचारलंही होतं, "आत्याबाई, उमाचं तोंड कसं व्हतं वो?"

त्यांनी लगेच सांगितलं, "तुज्या नवऱ्यासारखं."

नवऱ्याचंही आठवत नव्हतं.

*

फिल्म झाली आणि मग सुभाष पुस्तकं लिहायला लागला. फोटोत आवाज येत नाही, फिल्ममध्ये दुसऱ्याचा येतो, निदान कागदावर आपण लिहू तेच राहील, असं त्याला वाटलं असणार. पुस्तक जाड, गुळगुळीत, वर माझंच तोंड. आतलं सगळं इंग्रजी. तो माझ्या ओट्यावर बसला आणि एकेक ओळ मराठीत करून वाचून दाखवली. केस पिकले होते त्याचे. वाचताना चष्मा वर-खाली करायचा.

त्यानं लिहिलं होतं: ही बाई रडत नव्हती, ती सांगत होती की जाळू नका, आमच्यात पुरतात, आणि ते मी ऐकलं आणि पुढे सांगितलं नाही. शब्दाला शब्द बरोबर. कुठे बासरी नाही.

"बरं लिहिलंस," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. एवढ्यासाठी हा माणूस मुंबईपर्यंत, परदेशापर्यंत फिरून आला होता, असं मला वाटलं. पेपरवाला होता, फिल्मवाला झाला, पुस्तकवाला झाला, ते एक वाक्य माझ्या तोंडातून उचलून कुठेतरी नीट ठेवायला. मी त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं. मला ते वाक्य नको होतं. ते माझ्यापाशी आहेच. विसरायला झालं होतं ते दुसरंच.

"आता ती रीळ कुठाय?" मी विचारलं.

"कोणती रीळ?"

"डाव्या बाजूची. जिच्यात उमा हाय ती. पहिल्यापासून मागतेय मी. शेडात मागितली, फिल्मच्या वेळी मागितली, नांदेडला मागितली."

त्यानं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग हळू म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला ते बघवणार नाही, म्हणून तुम्ही फक्त बोलून राहिल्या."

"मला तिचं तोंड आठवंना, सुभाष. एक फोटो न्हाई तिचा. जत्रंत चंद्रावर बसायची म्हणत व्हती, बसवली न्हाई."

"कसला चंद्र?"

सांगितलं तर त्यानं डोळे मिटून घेतले. माहूरला गडाच्या पायथ्याशी त्याच्या मामाचं फोटोचं दुकान होतं. देवीच्या दर्शनाला आलेली माणसं तिथे फोटो काढायची. पुठ्ठ्याचा तसाच चंद्र होता तिथे, आणि शाळेला सुट्टी असली की पोरांना उचलून त्यावर बसवायचं काम सुभाषचं. तिथेच तो कॅमेरा शिकला. मामानं त्याला एकच गोष्ट शिकवली होती, म्हणाला: फोटो ज्याचा काढला त्याला आधी द्यायचा.

"लई चांगला मामा व्हता तुजा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

*

मागच्या वर्षी मोतीबिंदू काढायला लातूरला गेले होते. डोळ्यावरची पट्टी काढली आणि रिक्षातून निघाले तर चौकात हे मोठाले बोर्ड. तिथे शिकवणीच्या क्लासवाल्यांनी पास झालेल्या पोरापोरींचे चेहरे ओळीनं छापलेले असतात, ओळीवर ओळ, खाली नाव, मार्क. एवढे चेहरे मी एका जागी कधी बघितले नव्हते आणि डोळा नवा होता. मी रिक्षा थांबवायला लावली आणि एकेक पोरगी बघत गेले. कुणाची भुवई बघून थांबायची, कुणाची हनुवटी. मला वाटत होतं, एखादी दिसेल आणि आतून कळेल की हो, असं होतं.

रिक्षावाला म्हणाला, "आजी, नात हाय का वर?"

"बघून राह्यले," मी म्हणाले. सुभाषसारखं बोलून गेले.

मग एकदम ध्यानात आलं की मी पोरी बघतेय. उमा आज असती तर तिची पोरगी या बोर्डावर असती. मी म्हणाले, "चल बाबा."

गावात आता पोर जन्मलं की नाळ कापायच्या आधी फोटो. शेजारच्या सुनेच्या मोबाइलमध्ये तिच्या लेकराचे इतके फोटो आहेत की ती स्वतःच कंटाळून पुढे सरकवते. माझ्या पुढ्यात मोबाइल धरून म्हणते, "आजी, हे बगा, जांभई देताना." मी बघते. मला हेवा वाटतो. लपवून काय करायचं?

*

या भादव्यात सुभाष आला तो रिक्षा करून. हात थरथरतो त्याचा आता, कॅमेरा धरता येत नाही. नांदेडच्या ऑफिसानं जागा बदलली तेव्हा जुन्या रिळांची पोती काढून टाकली होती. मी मागत होते ती रीळ त्यातच गेली असं तो समजत होता. पण त्या रिळातली त्या दिवसाची पट्टी त्यानं स्वतःजवळ ठेवली होती आणि विसरला होता. हदगावला बहिणीच्या घरी, माळ्यावर, मामाच्या दुकानातल्या सामानाच्या पेटीत सापडली. बुरशी धरलेली. त्यानं ती धुऊन घेतली, फोटो मोठा करून आणला.

मी हात पुसले, चष्मा लावला, उंबऱ्याजवळ उजेडात बसले.

काळा-पांढरा. मधोमध मी. तोंडातला पडलेला दातसुद्धा दिसतोय इतकी स्पष्ट. मागे सासू, तिची बोटं माझ्या कमरेत रुतलेली. आणि डाव्या बाजूला, पेपरात कधीच आली नाही ती बाजू. चार पोरं, बाज, बाजेवर उमा. धोतर तोंडावरून सरकलेलं. तोंड आमच्याकडे वळलेलं.

तोंड नव्हतं. करड्या रंगाचा एक फराटा होता, ओल्या भिंतीवरून हात फिरवल्यासारखा.

"पोरं चालून राहिली होती," सुभाष म्हणाला. "त्यामुळे हललं. आणि उजेड नव्हता. मी... माझी काच तुमच्यावर लावलेली होती अक्का. जे जिवंत होतं त्यावर."

मी बघत राहिले. फराट्याच्या वर, कानाच्या मागे, रिबिनीचं फूल होतं. एकाच वेणीचं. ते हललेलं नव्हतं. आदल्या दिवशी मिरवणुकीसाठी मीच बांधलं होतं, दोन्ही वेण्यांना, लाल. एवढ्या दगडांखालून एक तसंच राहिलं होतं. गाठ माझी होती. ती गाठ मी कुठेही ओळखेन.

"उमाच हाय," मी म्हणाले.

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. मला वाटलं होतं की तोंड दिसलं की सुटका होईल. तोंड दिसलं नाही. जन्मभर मागून बघितली, फोटोतही तेच मिळालं, वेणी आणि रिबीन. आता ते तोंड या जगात कुणाजवळच नाही. माझ्याजवळ नाही, सुभाषच्या रिळावर नाही. बाहेर सडकेवरून ट्रॅक्टर गेला आणि उडदाच्या शेंगा तडकल्या.

सुभाष म्हणाला, "मी जरा डावीकडे वळलो असतो..."

"चहा ठिवते," मी म्हणाले. या वेळीही मी त्याला 'जाऊ दे' म्हटलं नाही. पण दूध घालून केला चहा.

चहा पिऊन त्यानं खिशातून पेन काढलं आणि फोटो पालथा केला. "पेपरात खाली चुकीचं छापलं होतं. मायलेकी. आता तुम्ही सांगा, मी बरोबर लिहितो मागे."

त्याचा हात बघितला मी. पेनचं टोक कागदावर टिकत नव्हतं.

"आण हिकडं. चौथी शिकलेय मी."

पेन घेतलं. आमच्यात पुरतात हे लिहावं का, असं एकदा मनात आलं. ते त्याच्या पुस्तकात आहे. इथे फोटो ज्यांचा आहे तेवढंच लिहायचं ठरवलं. हळूहळू लिहिलं, ओळी वर चढल्या, पण वाचता येतात:

डावीकडे बाजेवर उमा. मधी तिची आई महानंदा. मागे तिची आजी भागीरथी. आजी आणि आई वाचल्या.